स्मारकं बांधली, सांभाळणाऱ्यांचं काय?

संपादक महोदय,

चले जाव चळवळीत ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गेंसह नऊ जण गेले, दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात पण गोळीबार. या हुतात्म्यांची आठवण म्हणून राज्य सरकारने १९८० च्या दशकात गावोगावी हुतात्मा स्मारकं उभारली ही खरंच मोठी गोष्ट होती. पण बांधून झाल्यावर पुढं काय?

आमच्या भागातल्या एका स्मारकाचं बघणाऱ्या छोट्या ट्रस्टला मी हिशोबात मदत करतो म्हणून सांगतो, निधी मिळतो तो फरशी, कंपाउंड, रंगरंगोटीला, आणि वॉचमनचा पगार, लाईट बिल, गळणारा स्लॅब, वाचनालयाची पेपरं याला मात्र वर्गणी काढा. अनुदान मंजूर झालं तरी हप्ता उशिरा येतो आणि मग मार्चअखेर खर्च दाखवा म्हणून घाई, युटिलायझेशन सर्टिफिकेट (पैसा ठरलेल्या कामालाच वापरल्याचा दाखला) द्या, ऑडिट द्या. हिशोब द्यायलाच पायजे, सरकारी पैसा आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन निवृत्त गुरुजी आणि एक पोरगा एवढ्यावर चालणाऱ्या ट्रस्टला सीए परवडत नाही हो.

माझं म्हणणं एवढंच की अशा संस्थांना दरवर्षी देखभालीसाठी ठराविक रक्कम द्या, थोडी का असेना पण वेळेवर, आणि त्यातला काही भाग म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायला राखून ठेवा. प्रतिसरकारचा, म्हणजे इंग्रजांच्या काळात नाना पाटलांनी साताऱ्यात चालवलेल्या समांतर सरकारचा काळ बघितलेली माणसं आता हाताच्या बोटावर मोजण्याइतकी राहिलीत.

– एक वाचक, वडूज, जि. सातारा