झेब्राफिशच्या हृदयाआधी तापमान पाहा

संपादक महोदय,

झेब्राफिशची अंडी पारदर्शक असतात, गर्भाच्या हृदयाची धडधड साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. त्यामुळे खान्देशातल्या महाविद्यालयांनाही हा मासा प्रकल्पासाठी परवडतो. त्यातल्या त्यात व्हॅल्प्रोइक आम्लाचा प्रयोग सोपा वाटतो. फिट्सवरचे हे जुने औषध ज्यांच्याभोवती डीएनए गुंडाळलेले असते त्या हिस्टोन प्रथिनांवरचे ॲसिटाइल गट काढणारी विकरे अडवते. डीएनएचा क्रम तोच राहतो, पण जनुके कधी चालू आणि कधी बंद व्हायची ते वेळापत्रक बिघडते; अशा बदलाला एपिजेनेटिक म्हणतात. मग हृदयाभोवती पाणी साचलेले दिसले, की ‘एपिजेनेटिक परिणाम’ लिहून मोकळे! आमचा आक्षेप इथेच आहे.

ही सूज कशानेही येते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन, बशीत राहून गेलेली मेलेली अंडी आणि आपल्याकडे विशेषतः उष्णता. साधा इन्क्युबेटर फक्त तापवतो, थंड करू शकत नाही. जळगाव-भुसावळचा मे महिना 44 अंशांवर गेला की आत गर्भांना लागणारे 28.5 अंश राहणार कसे? थंड करणारा बीओडी इन्क्युबेटरच हवा, आणि आत किमान-कमाल दाखवणारा तापमापक. वीज रात्री गेली होती की नाही, ते सकाळी त्यावरूनच कळते.

गर्भाच्या वाढीचे पुस्तकातले तास (अंडे फलित झाल्यापासूनचे) 28.5 अंशांचे असतात. त्या तापमानाला सुमारे 24 तासांत हृदयाची नळी धडधडू लागते. 48 तासांपर्यंत ती वळते, कर्णिका आणि निलय वेगळे ओळखता येतात. 33 अंशांना 24 तासांत 30 तासांइतकी वाढ होते, 25 अंशांना जेमतेम 19 तासांइतकी. आणि 19 तासांच्या गर्भाचे हृदय अजून सुरूच झालेले नसते. नियंत्रण गटाची (औषध न दिलेल्या गर्भांची) बशी वेगळ्या कप्प्यात ठेवली, तरी खोटा फरक दिसू शकतो. शिवाय औषधाने सगळा गर्भच मागे पडला असेल, तर हृदयही मागेच दिसणार. म्हणून घड्याळाऐवजी पहिल्या दिवशी शरीरखंड (पाठीलगत एकामागून एक तयार होणारे स्नायूंचे ठोकळे) मोजावेत, पुढे डोक्याचा धडाशी होणारा कोन पाहावा. तुलना सारख्या अवस्थेच्या गर्भांचीच.

औषध 24 तासांनी दिले तर नळी आधीच तयार असते. हृदयपेशी कशा ठरतात हे पाहायचे तर ते 5-6 तासांपासून द्यावे लागते.

एवढे सांभाळूनही ‘एपिजेनेटिक’ म्हणायची घाई नको. स्मायड1 हे प्रथिन हिस्टोनवर मिथाइल गट चढवते. ते नसलेल्या गर्भात हृदय घडते, पण आकुंचन पावत नाही. (रक्त न फिरताही हे गर्भ काही दिवस जगतात, कारण प्राणवायू त्वचेतून झिरपतो.) कारण हिस्टोनच, असे मात्र म्हणता येत नाही, हेच प्रथिन स्नायूतल्या मायोसिनच्या जुळणीतही लागते.

ठोके मोजताना हॅलोजन दिवा बशी तापवतो आणि ठोके वाढतात. एलईडी वापरावा; तो नसेल तर दोन्ही गटांच्या बश्या आलटून-पालटून, सारखाच वेळ उजेडात ठेवून मोजाव्यात.

– प्राणिशास्त्राचे दोन अध्यापक, भुसावळ