पक्षाघातानंतरचा दुसरा-तिसरा महिना वाया जातो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पक्षाघाताच्या रुग्णाला पहिल्या दिवसापासून जितके चालवाल तितका तो लवकर बरा होईल, हा सल्ला सर्रास दिला जातो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅव्हर्ट' चाचणीत तो टिकला नाही. पाच देशांतले २,१०४ रुग्ण त्यात होते. एका गटाला २४ तासांच्या आत उठवून रोज साधारण ३१ मिनिटे बसवणे, उभे करणे, चालवणे. दुसऱ्याला नेहमीप्रमाणे सुमारे १० मिनिटे. तीन महिन्यांनी स्वतःचे सगळे स्वतः करू शकणारे पहिल्या गटात ४६ टक्के निघाले, दुसऱ्यात ५०. याचा अर्थ रुग्णाला झोपवून ठेवा असा मुळीच नाही. दुसऱ्या गटातलेही बरेच जण पहिल्याच दिवशी उठले होते. पुढच्या विश्लेषणात दिसले की थोडा थोडा वेळ पण वारंवार उठवणे चांगले, एकदम लांबवणे वाईट. उठवताना आडवे असतानाचे आणि बसल्यावरचे रक्तदाब दोन्ही मोजावेत. बसल्यावर दाब घसरला, घेरी आली, तर लगेच आडवे करावे.

खरा जोर लावायचा तो नंतर. वॉशिंग्टनमध्ये ७२ रुग्णांवर झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हाताचा २० तासांचा जादा सराव वेगवेगळ्या टप्प्यांवर दिला गेला. सर्वाधिक फायदा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात झाला. सहा महिने उलटल्यावर सुरू केलेल्यांना तो जाणवला नाही. अभ्यास लहान आहे, पण नेमक्या याच काळात आपला रुग्ण घरी असतो आणि फिजिओथेरपी बंद पडलेली असते.

घरचे करून घेतील, हे उत्तर पुरेसे नाही. भारतातल्या १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या 'अटेंड' चाचणीत (२०१७) नेहमीच्या उपचारांखेरीज नातेवाइकांना खास प्रशिक्षण दिले, घरी भेटीही दिल्या. सहा महिन्यांनी मृत वा परावलंबी असलेल्यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच राहिले. नातेवाइकांचे कष्ट कमी पडले असे आम्ही म्हणणार नाही. प्रशिक्षित माणसाची जागा त्यांच्यावर सोपवता येत नाही, एवढे मात्र यातून दिसते.

घरी सर्वात जास्त बिघडतो तो खांदा. लुळ्या बाजूचे स्नायू सैल पडलेले असतात, हाताच्या वजनानेच सांधा खाली सरकतो. त्यात बगलेत हात घालून किंवा दंड ओढून उठवले की दुखणे सुरू होते आणि दुखरा हात रुग्ण हलवूच देत नाही. म्हणून गुडघे दुमडून, खांद्याच्या फऱ्याला आणि कमरेला आधार देत कुशीवर वळवावे, पाय पलंगाखाली सोडावेत, मग बसवावे. उभे करताना कमरेचा रुंद पट्टा धरावा. बसल्यावर लुळ्या हाताखाली उशी हवी. डोक्यावरच्या कप्पीची दोरी ओढायचा व्यायाम या खांद्याला देऊच नये.

आमची मागणी साधी आहे. घरी सोडताना मिळणाऱ्या कागदावर औषधांसोबत दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यातल्या फिजिओथेरपीच्या तारखा लिहिलेल्या असाव्यात, आणि ती सोय जिल्ह्याच्या गावाऐवजी उपजिल्हा रुग्णालयात मिळावी. लुळ्या पायाच्या माणसाला दर आठवड्याला एसटीने जिल्ह्याला जा म्हणणे म्हणजे उपचार नाकारणेच आहे.

— पक्षाघात पुनर्वसनात काम करणारे फिजिओथेरपिस्ट