विमा ब्रोकरची पारख हप्त्यावरून नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

विम्याचा दावा नाकारला गेल्याच्या तक्रारी आपल्या वाचकपत्रांत अधूनमधून येतात आणि त्यांतला रोष बहुधा कंपनीवर असतो. माझ्या मते अशा पुष्कळ तक्रारींचे मूळ पॉलिसी घेण्याआधी, मध्यस्थ निवडतानाच शोधायला हवे.

एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी असतो. ब्रोकरने मात्र ग्राहकाची बाजू घेऊन अनेक कंपन्यांच्या पॉलिसी पडताळून सल्ला द्यायचा असतो. त्याचा मोबदला तरीही बहुतेक वेळा कमिशनच्या रूपाने कंपनीकडूनच येतो. त्यात गैर काही नाही, परंतु त्याचमुळे किती कंपन्यांकडून दर मागवले, कमिशन किती मिळणार आणि दाव्याच्या वेळी कागदपत्रांचे काम कोण पाहणार, हे आधीच विचारून लेखी घ्यावे. त्याच्याकडे चालू परवाना आहे ना, हेही विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाच्या यादीत पाहून घ्यावे.

खरी कसोटी पुढे आहे. ‘सर्वांत कमी हप्त्यात काम करून देतो’ असे पहिल्याच भेटीत सांगणाऱ्यापेक्षा जो अर्धा तास नुसते प्रश्न विचारतो, तो ब्रोकर मला अधिक भरवशाचा वाटतो. एखाद्या छोट्या कारखान्याच्या आगीच्या विम्याचे उदाहरण घ्या. यंत्रे जुन्या खरेदीच्या किमतीला धरली आहेत की आज नवी घ्यायला लागेल त्या किमतीला, तळघरात माल ठेवता का, दुसऱ्याचा माल आपल्याकडे असतो का, हे त्याने विचारलेच पाहिजे. पॉलिसीत सरासरीचे कलम, म्हणजे विमा कमी रकमेचा असल्यास भरपाईही त्याच प्रमाणात कमी करणारी अट असेल आणि विमा खऱ्या मूल्याच्या 60 टक्के रकमेचाच असेल, तर नुकसान अगदी लहान असले तरी त्याच्या साधारण 60 टक्केच भरपाई मिळते. हप्ता वाचल्याचा आनंद तिथे संपतो.

ग्राहकाचीही जबाबदारी आहे. कोऱ्या प्रस्ताव अर्जावर सही करून ‘बाकीचे तुम्हीच भरा’ म्हणण्याची सवय घातक आहे, कारण अर्जातल्या प्रत्येक उत्तराला सही करणारा बांधील असतो. जुना आजार, पूर्वीचा दावा, एखाद्या कंपनीने दिलेला नकार, यांतले काहीही ब्रोकरपासून लपवू नये. विम्याच्या करारात दोन्ही पक्षांनी पूर्ण सचोटीने वागावे, हे तत्त्व न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी 1766 साली इंग्लंडमधील कार्टर विरुद्ध बोहम खटल्यात मांडले. आणि आवर्जून सांगावेसे वाटते की त्या खटल्याचा निकाल विमेदाराच्या बाजूने लागला होता. माहिती प्रामाणिकपणे आणि लेखी दिलेली असली, तर तीच पुढे आपले संरक्षण करते.

दावा मंजूर करणे ब्रोकरच्या हाती नसते आणि तसे आश्वासन देणाऱ्यापासून दूरच राहावे. मात्र नुकसानीची सूचना मुदतीत पोहोचवणे, नुकसानीचा अंदाज घेणाऱ्या सर्व्हेयरपुढे हिशेब आणि छायाचित्रे नीट मांडणे, नकार आल्यास कोणत्या कलमाखाली तो दिला हे कंपनीकडून लेखी मागवणे, ही कामे त्याची आहेत. ती तो करत नसेल, तर सहन करत बसण्याचे कारण नाही. पुष्कळदा पॉलिसी तीच ठेवून, कंपनीला लेखी कळवून दुसरा ब्रोकर नेमता येतो, आणि नूतनीकरणाच्या पुरेसे आधी हे केले तर नव्या ब्रोकरला अटी वाचायला वेळही मिळतो.

आपला,
एक वाचक