बॅटन पडली तेव्हा दोरीपलीकडून ओरडलेल्या सरांना

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही "अहो मॅडम, त्यात काय एवढं" म्हणालात आणि लगेच आमच्या मुलीच्या गुडघ्याची चौकशी सुरू केलीत. आभाराचे शब्द माझ्या तोंडातच राहिले. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांना वाचता येईल असं. तुमचं आणि तुमच्या शाळेचं नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंत, ते पाळते. पण त्या दिवशी मैदानावर काय घडलं ते मात्र सगळं लिहिणार आहे. शाळेत खेळाचे शिक्षक नाहीत म्हणून गळ्यात शिट्टी अडकवलेल्या माझ्यासारख्या पुष्कळ जणी गावोगावी आहेत. त्यांच्यापर्यंत हे पोचलं पाहिजे.

मी मराठी आणि इतिहास शिकवते. आमच्या चौघी मुली पळायला फार चपळ. त्यांना चार बाय शंभरच्या रिलेत, म्हणजे चौघींनी प्रत्येकी शंभर मीटर पळायच्या शर्यतीत, उतरवायचं ठरलं तेव्हा एकीने दुसरीच्या हाती द्यायची नळी, म्हणजे बॅटन, तीसुद्धा शाळेत नव्हती. एका मुलीच्या वडिलांनी पीव्हीसी पाईपचा फूटभर तुकडा कापून दिला, कडा पॉलिश पेपरने घासल्या आणि दोन महिने त्यावर सराव झाला. नियम बघायला कपाटातलं एक जुनं पुस्तक होतं. त्यात बॅटन बदलण्याचा झोन, म्हणजे ज्या पट्ट्यातच ती द्यावी लागते तो, २० मीटरचा. तो २०१७ च्या अखेरीस ३० मीटरचा झाला, हे मला तुम्ही सांगेपर्यंत माहीत नव्हतं. मुली दोन महिने दहा मीटर कमी जागेत घाईघाईने बदल करत होत्या.

जिल्हा पातळीवरची ती पहिली हीट, म्हणजे फायनलआधीची पात्रता शर्यत. मातीचं मैदान, चुन्याच्या ताज्या रेघा, आमची लेन तिसरी. मी दुसऱ्या बदलाच्या जागी दोरीला टेकून उभी होते, शेजारी तुम्ही. तुमची ओळखही नव्हती. आमची पहिली छान सुटली, पहिला बदल स्वच्छ झाला, दुसरी तर अशी आली की मी टाचा उंचावून बघत होते. चौथ्या लेनमधली मुलगी तिच्या जरा पुढे होती. तिने आपली बॅटन दिली, धाप लागलेली, काम झालं म्हणून ती आतल्या बाजूला वळली आणि थेट आमच्या लेनमध्ये आली. आमची दुसरी पूर्ण वेगात तिच्यावर आदळली. दोघी खाली. बॅटन उडून दुसऱ्या लेनमध्ये गेली.

सर, खरं सांगते, माझा हात वर गेला होता. "राहू दे गं, ये इकडे," हे वाक्य ओठावर आलं होतं. मुलीच्या गुडघ्यातून रक्त येताना दिसत होतं, बाकीच्या पुढे निघून गेल्या होत्या, आता कशाला पळायचं, असंच मला वाटलं. आणि आमची तिसरी बॅटन उचलायला धावणार, तेवढ्यात तुम्ही ओरडलात.

"तू नको! जिच्या हातून पडली तिनंच उचलायची! तू झोनमध्येच थांब!"

तिसरी जागीच थबकली. मग तुमचा आवाज एकदम खाली आला, पडलेल्या मुलीशी बोलावं तसा. "ऊठ बाळा. आजूबाजूला बघ, कुणाला आडवी जाऊ नकोस. उचल. आपल्या लेनमध्ये ये. दे तिला." ती उठली. लंगडत गेली, बॅटन उचलली, परत आपल्या लेनमध्ये आली आणि तिसरीच्या हातात ठेवली. तुम्ही पुन्हा ओरडलात, "शेवटची आलीस तरी चालेल, पण शेवटपर्यंत पळ!" एवढं सगळं होताना तुमचं एक पाऊलही दोरीच्या आत पडलं नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. बाहेरून बोलायला हरकत नसते, आत जाऊन हात लावला तर आमच्याच मुली अडचणीत आल्या असत्या, हेही तुम्हीच नंतर समजावलंत.

आम्ही सगळ्यात शेवटी पोचलो. शेवटची मुलगी रडत रडत रेघ ओलांडून गेली. मी तिच्याकडे निघाले तर तुम्ही म्हणालात, "मॅडम, रडू नंतर. तो पिवळा झेंडा बघितलात?" वळणावरच्या पंचांनी पिवळा झेंडा वर केला होता. मला वाटलं, आमचंच काही चुकलं. तुम्ही सांगितलंत की लेनमध्ये काही गैर दिसलं की पंच तसा झेंडा दाखवतात. म्हणजे धडक त्यांनी पाहिली होती. "निकाल जाहीर झाला की अर्धा तास हातात असतो. आधी रेफरींना तोंडी सांगा. मी आहे."

रेफरी शांतपणे ऐकून घेत होते. त्या स्पर्धेत आक्षेप लेखी, आणि सोबत शुल्क रोख. माझे पैसे सगळे फोनमध्ये. तुम्ही एक शब्दही न बोलता खिशातून पाचशेची नोट काढलीत. तुमच्या स्वतःच्या मुलींची हीट पंधरा मिनिटांवर आली होती. त्या तिकडे वॉर्मअप करत होत्या, एकदोनदा त्यांनी तुम्हाला हाकही मारली. तुम्ही हातानेच "आलो" म्हणालात आणि उभ्या असलेल्या जीपच्या बॉनेटवर कागद पसरून माझ्यापुढे पेन धरलंत.

तो अर्ज मी जन्मात विसरणार नाही. पहिल्या ओळीत मी लिहिलं होतं, "प्रतिस्पर्धी संघातील विद्यार्थिनीने जाणूनबुजून आमच्या धावपटूस अडवले." तुम्ही "जाणूनबुजून" या शब्दावर बोट ठेवलंत. "हे आपल्याला ठाऊक आहे का, मॅडम? नाही ना? मग खोडा. ती पोर दमलेली होती. काय झालं तेवढंच लिहा." मी खोडलं. मग तुम्ही सांगत गेलात आणि मी लिहीत गेले: कुठली हीट, कुठली लेन, कितवा बदल, बॅटन दिल्यानंतर चार नंबरची धावपटू तीन नंबरच्या लेनमध्ये आली, धडक झाली, बॅटन पडली, ज्या धावपटूच्या हातून पडली तिनेच उचलली, बदल झोनमध्येच झाला, संघाने शर्यत पूर्ण केली. एकही विशेषण नाही. आयुष्यभर मुलांना अर्जलेखन शिकवत आलेय, पण इतका नेमका अर्ज मी आजवर लिहिला नव्हता.

"शर्यत पूर्ण केली" या शब्दांखाली तुम्ही माझ्याकडून रेघ मारून घेतलीत. अडथळा आलेल्या संघाला पुढच्या फेरीत घ्यायचं की शर्यत पुन्हा पळवायची, हे रेफरी ठरवू शकतात. पण त्या संघाने एरवी शर्यत प्रामाणिकपणे पुरी केलेली असावी लागते. मला हात हलवून मुलींना थांबवायचं होतं! पाच सेकंद तुम्ही गप्प राहिला असतात, तर आमच्यापाशी मागायला काही उरलंच नसतं.

कागद घेऊन जाताना तुम्ही रिओची गोष्ट सांगितलीत. २०१६ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या मुलींना चार बाय शंभरच्या पात्रता फेरीत शेजारच्या लेनमधल्या ब्राझीलच्या धावपटूचा धक्का लागला आणि बॅटन पडली. तरी त्यांनी शर्यत पुरी केली, मग दाद मागितली. संध्याकाळी त्या चौघी रिकाम्या ट्रॅकवर एकट्याच घड्याळाशी पळाल्या, ४१.७७ सेकंद लावून फायनलमध्ये गेल्या आणि दुसऱ्या दिवशी सुवर्ण घेऊन आल्या. मला रिओ आठवतं ते मोहीच्या ललिता बाबरमुळे, ती स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला पळाली होती म्हणून. त्याच ट्रॅकवर हेही झालं होतं हे मला कुठे ठाऊक?

निर्णय आमच्या बाजूने लागला. वळणावरच्या पंचांनी जे लिहून दिलं ते आमच्या अर्जाशी शब्दाला शब्द जुळलं. आम्हाला फायनलमध्ये घेतलं, एक जादा लेन चुन्याने आखली. चार नंबरचा संघ बाद झाला. ती मुलगी पाण्याच्या टाकीमागे बसून हुंदके देत होती, आणि तिच्याकडे आधी कोण गेलं? तुम्हीच. तिच्या शेजारी उकिडवे बसलात. मी पाण्याची बाटली घेऊन आले तेव्हा तुम्ही तिला बहामाचं सांगत होतात: मे २०२४ मध्ये आपल्या पुरुषांच्या चार बाय चारशेच्या संघाचा दुसरा धावपटू पायात गोळा आल्याने मध्येच थांबला, संघाची शर्यत तिथेच संपली, आणि दुसऱ्या दिवशी तोच संघ एक गडी बदलून पुन्हा उतरला आणि पॅरिस ऑलिम्पिकला जायचं नक्की करून आला. थोड्या वेळाने आमची दुसरी, गुडघ्याला पट्टी बांधलेली, कुणी न सांगता तिच्या शेजारी जाऊन बसली. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही. जाताना दोघींनी एकच पेरू अर्धा अर्धा खाल्ला.

आता फायनलच्या आधीचं. तुमच्या मुली तोवर आपली हीट जिंकून आल्या होत्या. म्हणजे फायनलमध्ये तुम्ही आणि आम्ही समोरासमोर. तरी तुम्ही माझ्या मुलींना बोलावून विचारलंत, "बॅटन कुठल्या हातात घेता?" चौघी गोंधळल्या. प्रत्येकीचा उजवाच हात. पळता पळता हात बदलायच्या. तुम्ही त्यांना एका रांगेत उभं केलंत: पहिली उजवा, दुसरी डावा, तिसरी उजवा, चौथी डावा. पहिली आणि तिसरी वळणावर पळतात, बॅटन उजव्या हातात असली की लेनच्या आतल्या कडेने पळता येतं, आणि कुणालाच हात बदलावा लागत नाही. मग तुम्ही पावलं मोजलीत. मातीच्या ट्रॅकवर आपल्या लेनमध्ये रेघ ओढायला परवानगी असते म्हणालात आणि तिसरीला तिच्याच टाचेने रेघ ओढायला लावलीत. "मागची मुलगी या रेघेवर आली की निघायचं. मागे बघायचं नाही. हात मागे, तळवा उघडा, आणि भरवसा ठेवायचा."

आमचा चौथा नंबर आला. तुमच्या मुली दुसऱ्या आल्या. पदक नाही, पण बॅटन एकदाही हलली नाही. शेवटची रेघ ओलांडून आली ती हसत होती.

परतीच्या एसटीत मुलींनी मला एकच विचारलं, "मॅडम, ते सर आपले कोण?" मी म्हटलं, कुणी नाही. मग स्वतःशीच वाटलं, हे उत्तर बरोबर नाही. दुसऱ्या तालुक्याचे, समोरच्या संघाचे, तरीही माझ्या मुलींना "बाळा" म्हणणारे, असं काहीतरी सांगायला हवं होतं.

त्या दिवसानंतर मी नव्या नियमांची प्रत मिळवली. रिलेचं प्रकरण मराठीत उतरवून काढलंय, आठ पानं झालीत, तालुक्यातल्या बाकीच्या शाळांना त्याच्या झेरॉक्स दिल्या. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात तीन गोष्टी आहेत: बॅटन देऊन झाली की लेन सोडायची नाही. पडली तर पाडणारीने उचलायची. काहीही झालं तरी रेघ ओलांडायची. वेळ मिळाला की एकदा नजरेखालून घाला, चुकलेलं असेल तर कळवा.

आणि सर, ती पाचशेची नोट. आक्षेप मान्य झाल्याने शुल्क परत मिळालं, तोवर तुमची गाडी निघून गेली होती. फोनवर तुम्ही ती घ्यायला नकार दिलात. मी ती पाकिटात घालून त्यावर चौघींच्या सह्या घेऊन ठेवली आहे. पुढच्या मोसमात मैदानावर भेटू तेव्हा आमची दुसरी ती तुमच्या हातात देणार आहे. डाव्या हाताने देईन, असं तिचं आधीच ठरलंय.

आपली नम्र,
तिसऱ्या लेनच्या मॅडम