बाथरूममधल्या दांडीबद्दल

योकोते, अकिता (जपान)
फेब्रुवारी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर तुमच्या म्हातारपणाचा विषय काढला की बाबांना एकदम आवाज येईनासा होतो आणि आई फोन हातात घेऊन मेथीचा भाव सांगायला लागते. म्हणून लिहूनच पाठवतेय. बाळूला सांगितलंय, मोठ्या अक्षरात प्रिंट काढून आणून द्यायला. चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही.

आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. "तिकडं म्हणे आई-बापाला आश्रमात नेऊन टाकतात", हे तुम्हाला पारावर कुणी सांगितलं ते मला माहीत आहे, असो. बाबा, मी जिथं वृद्धांच्या देखभालीचं काम करते तिथल्या आजी-आजोबांपैकी बऱ्याच जणांची मुलं इथं राहतच नाहीत. ती तोक्योला नाहीतर सेंदाईला. भाताची शेती, वर्षातले चार महिने बर्फ, नोकऱ्या कमी. 1956 साली या अकिता प्रांताची लोकसंख्या साडेतेरा लाखांच्या आसपास होती, आता नऊ लाखांच्याही खाली आलीये. दर शंभरातले जवळपास चाळीस पासष्टीच्या वरचे. शाळा बंद पडतात, एसटीसारख्या बसच्या फेऱ्या कमी होतात, आणि तुम्ही कंडक्टर होता म्हणून सांगते, कधीकधी अख्ख्या बसमध्ये ड्रायव्हर आणि मी. आपल्या गल्लीत संध्याकाळी ओट्यावर कोण कोण बसतं ते मोजा आणि त्यांची मुलं कुठं आहेत ते आठवा. तुमची एक पुण्यात, एक इथं. तेव्हा कोण कुणाला टाकतं हा वाद नको. म्हातारपणी हाताशी माणूस नसणार हे धरून इथं लोकांनी काय काय करून ठेवलंय, ते सांगते.

चाळिशी उलटली की इथं प्रत्येकाला दरमहा एक विम्याचा हप्ता भरावा लागतो, म्हातारपणच्या देखभालीचा. 2000 सालापासून ही पद्धत आहे. निम्मा पैसा या हप्त्यांचा, निम्मा सरकारी तिजोरीतला. (माझ्या पगारातून अजून कापत नाहीत, चाळिशी यायचीय, आई, मोजत बसू नकोस.) गुडघे गेले, विसरायला झालं, की नगरपालिकेत अर्ज करायचा. मग त्यांचा माणूस घरी येतो आणि 74 बाबी तपासतो. खुर्चीवरून आपलं आपण उठता येतं का, एका पायावर उभं राहता येतं का, नखं कापता येतात का, आज कोणता ऋतू आहे. त्यावरून पातळी ठरते. हलक्या मदतीच्या दोन, देखभालीच्या पाच. त्या पातळीप्रमाणे मदत मिळते आणि बहुतेकांना खर्चाचा दहावा हिस्सा भरावा लागतो, कमाई जास्त असेल तर पाचवा किंवा त्याहून थोडा जास्त.

गंमत त्या तपासणीच्या दिवशी. नगरपालिकेचा माणूस आला की म्हातारी माणसं ताठ होतात. एरवी भिंत धरून चालणारी आजी त्या दिवशी टुणकन उठून चहा करायला जाते, आणि पातळी कमी लागते. इथल्या माझ्या वरिष्ठ बाई म्हणतात की हे जवळपास प्रत्येक घरात होतं. बाबा, डॉक्टरांसमोर "मला काय धाड भरलीये" म्हणणारे तुम्ही एकटे नाही.

पण स्वर्ग वगैरे काही नाही हं. सरकारी मदतीवरच्या स्वस्त वृद्धगृहात 2015 पासून पातळी तीन आणि त्यावरच्यांनाच सहसा घेतात. बाकीच्यांनी घरी राहायचं आणि आठवड्यातून दोन-तीनदा गाडी येऊन दिवसभरासाठी घेऊन जाते तिथं जायचं. माणसं कमी पडतात. अंगमेहनतीच्या मानाने पगार बेताचे, त्यामुळे इथली तरुण मुलं या कामाकडे फिरकत नाहीत. म्हणूनच तर आम्हाला बोलावलं. माझं जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) इथं धरत नाहीत, नर्स व्हायचं तर त्यांची परीक्षा त्यांच्या भाषेत द्यावी लागते. तोवर मी केअरगिव्हर. जेवू घालणं, कपडे बदलणं, आंघोळ.

आंघोळीबद्दल मात्र सविस्तर सांगायचंय.

इथं आंघोळ म्हणजे बाहेर बसून अंग घासून धुवायचं आणि मग चाळीस अंशांच्या आसपासच्या गरम पाण्याच्या टबात गळ्यापर्यंत बुडून बसायचं. हा सोहळा जन्मभर केलेला असतो, त्यामुळे बाकी सगळं विसरलेली माणसंही टब विसरत नाहीत. आमच्याकडे एक आजी आहेत, जन्मभर भात लावला त्यांनी, कमरेत पार वाकल्यात. टबात उतरताना त्या डावा हात आधी दांडीवर ठेवतात, अंगठा खालून, चार बोटं वरून. मग उजवा हात टबाच्या काठावर. मग एक पाय. मी पाठीमागे हात धरून उभी असते, पण लावत नाही. त्यांना खपत नाही. त्या दांडीवर चामड्यासारख्या हाताची पकड अशी बसते की मला खात्री असते, या पडणार नाहीत. ज्या दिवशी त्या दांडी सोडून माझा खांदा धरतात, त्या दिवशी मी समजते की काहीतरी बिघडलंय, आणि ताप मोजते.

परवा त्यांनी विचारलं, तुझ्या गावी बर्फ किती पडतो? म्हटलं, पडतच नाही. तर म्हणाल्या, "मग म्हातारं व्हायला बरं गाव आहे."

त्या बोलल्या ते खरंच आहे. इथं कधीकधी रात्रीतून गुडघ्याएवढा बर्फ पडतो. पहाटे अंधारात नगरपालिकेचं यंत्र रस्ता साफ करून जातं आणि तो सगळा बर्फ लोकांच्या दारात बांधासारखा ढकलून ठेवतं. तो फोडल्याशिवाय बाहेर पडता येत नाही. छपरावरचाही उतरवावा लागतो, नाहीतर जुनी लाकडी घरं वजनाने खचतात. ऐंशीचे आजोबा शिडी लावून वर चढतात, कारण दुसरं कुणी नाही. दर हिवाळ्यात असे पडून, बर्फाखाली दबून माणसं जातात, आणि त्यात म्हातारी माणसंच जास्त. आमच्या गल्लीत एक पुठ्ठ्याची फाइल घरोघर फिरते, नोटिसांची, सही करून शेजारी द्यायची. ती दोन दिवस एकाच घरी अडकली की शेजारचा दार वाजवून बघतो. या फाइलचा मला सगळ्यात जास्त भरवसा वाटतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सुप्रभात आलं नाही तर कोण बघायला येतं, सांगा.

आई, तुला आवडेल असं एक. इथं मुळ्याचं लोणचं असतं, पण धुरावलेलं. शरदात ऊन कमी, बर्फ लवकर, त्यामुळे मुळा बाहेर वाळत नाही. म्हणून चुलीवर आढ्याला टांगून लाकडाच्या धुरात वाळवतात आणि मग भाताच्या कोंड्यात मुरवतात. आत पिवळसर, बाहेर तपकिरी, चावलं की कर्रकन वाजतं. प्रत्येक आजीची चव वेगळी. त्या घरी करून बाजारात विकायच्या, तेवढेच हाताला पैसे. मग सरकारने अन्नसुरक्षेचा कायदा बदलला. जून 2024 पासून विकायचं लोणचं करायला परवाना लागतो, आणि परवान्यासाठी राहत्या घराच्या स्वयंपाकघरापासून वेगळी, धुता येईल अशी जागा लागते. पंचाहत्तरीला कोण कर्ज काढून वेगळी खोली बांधणार? बऱ्याच जणींनी बंद केलं. कायदा उगीच झाला नाही, दुसऱ्या एका प्रांतात लोणच्यातून विषबाधा होऊन माणसं गेली होती. तरी मला वाटतं, मोठ्या कारखान्याला आणि आजीच्या बरणीला एकच नियम लावणं म्हणजे न बघता केलेलं काम. तुझ्या हाताखालच्या बायकांच्या पापडांना उद्या असं कुणी म्हटलं तर तू काय बोलशील ते मी इथं बसून ऐकू शकते.

आणि अस्वलं. हो, बाळूने बातमी दाखवली ती खरी आहे, पण मी सुखरूप आहे. घरं रिकामी पडली, परसातली पर्सिमनची झाडं तशीच राहिली. नारिंगी फळं लगडतात आणि उतरवायला माणूस नाही. डोंगरात खायला कमी असलं की अस्वल वासावर गावात येतं. 2025 च्या शरदात तर अकितात सापळे वाहायला लष्कराचे जवान बोलवावे लागले. आम्हाला सूचना होती, अंधारात एकटं चालायचं नाही, बॅगेला घंटी बांधायची. देवळातल्यासारखी किणकिण करत मी ड्यूटीला जायचे.

सण म्हणाल तर आत्ताच कामाकुरा झाला. बर्फाच्या घुमटासारख्या खोल्या कोरतात, आत जलदेवतेचं देवघर, आणि लहान मुलं आत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावतात. भाजलेला मोची (म्हणजे चिकट भात कुटून केलेला गोळा) आणि तांदळाचं गरम गोड पेय देतात. मी आत जाऊन बसले, पाय आखडले, पण मजा आली. ऑगस्टमध्ये ओबोन असतो, तेव्हा पितर घरी येतात. काही घरांत काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. येताना घोड्यावरून लवकर यावं, जाताना गाईवरून रमतगमत जावं म्हणून. आपल्याकडे पितृपक्षात पान ठेवून कावळ्याची वाट बघतो. इथले कावळे धिप्पाड आहेत आणि कचऱ्याच्या पिशव्या फाडतात म्हणून त्यावर जाळी टाकावी लागते. बाबांनी आजोबांच्या वेळी गच्चीवर तासभर काव काव केलं होतं, ते इथं पाच मिनिटांत उरकलं असतं.

आता कामाचं. बाबा, आता आवाज येतोय ना?

स्कूटर. इथं पंचाहत्तरी झाली की परवाना नव्याने करताना स्मरणशक्तीची चाचणी द्यावी लागते. अनेकजण त्याआधीच आपणहून परवाना परत करतात. त्यांना त्याबदली एक ओळखपत्र मिळतं, ते दाखवलं की कित्येक ठिकाणी बस-टॅक्सीत सवलत असते. आमच्याकडचे एक आजोबा सफरचंदाचे बागाईतदार, त्यांनी आपला छोटा पांढरा ट्रक स्वतः विकला. किल्ली देताना आठवडाभर जेवले नाहीत नीट, असं त्यांची सून सांगते. सोपं नाही, मला कळतं. तुम्ही मोतीबिंदूनंतर एका डोळ्याने गाडी चालवताय, दुसऱ्याचं ऑपरेशन "दिवाळीनंतर" म्हणत दिवाळी गेली. स्कूटर विकू नका. दुसरा डोळा होईपर्यंत किल्ली आईकडे द्या, रिक्षाचे पैसे मी पाठवते. यावर घासाघीस नको.

आई, तू. बाथरूममधून उठताना तू टॉवेलचा रॉड धरतेस. मी दिवाळीत पाहिलंय. तो दोन बारक्या स्क्रूवर आहे आणि टॉवेलसाठी आहे. एक दिवस तू, रॉड आणि फरशीचा तुकडा एकदमच खाली येणार. इथं घरात दांड्या बसवायला, उंबरे काढायला तोच विमा दोन लाख येनपर्यंतच्या कामाचा बहुतेक खर्च देतो, कारण मोडलेल्या खुब्यापेक्षा दांडी फार स्वस्त पडते. आपल्याला विमा नाही, पण हार्डवेअरच्या दुकानात स्टीलची दांडी मिळते. जाडी मुठीत नीट मावेल अशी, साधारण 32 मिलिमीटर, खूप जाड नको. एक कमोडच्या शेजारी, इंग्रजी एल अक्षरासारखी, आडवी टेकायला आणि उभी ओढून उठायला. दुसरी दाराच्या आत, पाय ठेवताना धरायला. नुसत्या टाइलवर बसवू द्यायची नाही, मागे विटेची भिंत आहे का ते ठोकून बघायला सांगा. बसवल्यावर बाळूने स्वतः लटकून बघायचं, त्याचं वजन पुरेसं आहे.

"लोक काय म्हणतील, इतक्यात म्हातारी झाली का" असं तू म्हणशील. सांग, मुलीने जपानहून बसवून घ्यायला सांगितली, तिकडं फॅशन आहे.

आणि कपडे धुवायला, फरशीला बाई ठेवायची म्हटलं की "दोघांचं काय ते काम" हे पुरे. पुढच्या गल्लीतल्या मावशी विचारत होत्या ना, त्यांना हो म्हणा. तुमच्या दोघांपैकी एक जण पडला तर दुसरा उचलू शकणार नाही, हे मी रोज माणसं उचलते म्हणून सांगतेय.

इथली थंडी एप्रिलपर्यंत आहे. जेवण ठीक, भात आपल्यापेक्षा चिकट, सवय झाली. लाल तिखट संपत आलंय, कुणी येणार असेल तरच पाठवा, पार्सलचा खर्च नको.

दांडी बसली की फोटो पाठवा. लांबून नको, भिंतीपाशी तिची पाटी आणि स्क्रू दिसतील असा जवळून.

तुमची,
ताई