निरीक्षणगृहातली एचआयव्ही चाचणी पालक येतात त्या तारखेला करा

महोदय,

गुन्ह्याचा आरोप असलेल्या अल्पवयीन मुलांना चौकशीदरम्यान ठेवतात त्या निरीक्षणगृहात मुलगा दाखल झाला की वैद्यकीय तपासणी होते. त्याच सपाट्यात एचआयव्हीची चाचणीही उरकावी, असे सुचवले जाते. हे चूक आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही आणि १८ वर्षांखालील मुलासाठी पालकांची संमती लागते. पहिल्या रात्री पालक जवळ नसतात. घाबरलेला मुलगा कशालाही मान डोलावतो.

त्या रात्री एकच प्रश्न एकांतात विचारायला हवा : घरी रोजची गोळी चालू आहे का? जन्मापासून एचआयव्हीसह जगणारी मुलेही इथे येऊ शकतात आणि गोळ्या घरीच राहतात. एआरटीत, म्हणजे एचआयव्हीच्या या रोजच्या औषधोपचारात, खंड पडला तर विषाणू औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. लैंगिक अत्याचार झाला असेल, तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करून ते २८ दिवस द्यावे लागते. तिथे मंडळाच्या तारखेची वाट पाहू नये.

बाकीच्यांसाठी मुलाचे प्रकरण ज्यापुढे चालते त्या बाल न्याय मंडळाची तारीख सोयीची. पालक तेव्हा येतातच. आयसीटीसीचा, म्हणजे सरकारी एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्राचा, समुपदेशक हजर असेल, तर आधी मुलाशी एकट्याने, मग पालकांशी बोलून संमती घेता येते. बोटातल्या थेंबाचा निकाल साधारण अर्ध्या तासात कळतो. तो रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे संसर्गाची शंका दाखवणारा, आला म्हणजे मुलगा पॉझिटिव्ह ठरला असे नाही. आयसीटीसीत वेगवेगळ्या तीन किटवर तपासल्यावरच निदान होते. काळजीवाहकांना हा फरक सांगितलेला नसेल, तर निदानाआधीच बभ्रा होतो आणि पोराचे ताट-अंथरूण वेगळे केले जाते. ताट, अंथरूण, संडास यांतून एचआयव्ही पसरत नाही.

नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह निकालही नेहमी अखेरचा नसतो. संसर्ग ताजा असेल तर चाचणी शोधते ती प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) रक्तात दिसायला काही आठवडे लागतात. नुकतीच दुसऱ्याची सुई वापरली असेल किंवा निरोधशिवाय संबंध आला असेल, तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे लागते. हुकते ती हीच चाचणी, कारण तोवर जामीन होऊन मुलगा दिव्याला किंवा तुर्भ्याला घरी गेलेला असतो. सुटताना त्याच्या हातात घराजवळच्या केंद्राची तारीख लिहिलेली बंद चिठ्ठी द्यावी, त्यावर आजाराचे नाव नको. सुटलेल्या मुलावर देखरेख ठेवणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याने फक्त तारखेची आठवण करावी. अहवाल मंडळाच्या फायलीत लावू नये.

ठाण्याच्या जिल्हा एड्स नियंत्रण पथकाने मंडळाच्या बैठकीच्या दिवशी एक समुपदेशक तिथे नेमावा, ही विनंती.

— एक समुपदेशक, कळवा, ठाणे