सामने फुटबॉलचे, फरफट सगळ्यांची

महोदय,

१९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठांतल्या अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणावरची 'एनसीएए' या विद्यापीठ-क्रीडा संघटनेची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून विद्यापीठांचे गट, म्हणजे कॉन्फरन्स, आपापले हक्क एकगठ्ठा विकतात. वाहिनी मोजते ती प्रेक्षकसंख्या. त्यामुळे लॉस एंजेलिससारखे शहर गटात असले की भाव चढतो. 'बिग टेन' या गटाने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी या वाहिन्यांशी सात वर्षांचा सुमारे ७ अब्ज डॉलरचा करार केला, त्याआधी दीड महिना लॉस एंजेलिसची दोन्ही मोठी विद्यापीठे पश्चिम किनाऱ्यावरच्या 'पॅक-१२' गटातून आपल्याकडे ओढली होती. उलट 'पॅक-१२'ला वेळेत चांगला करार जमला नाही. हाती उरला तो मुख्यतः ॲपलचा, वर्गणीदारांच्या संख्येवर बेतलेला प्रस्ताव. २०२३ च्या ऑगस्टमध्ये शतकाहून जुना गट पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला. बारापैकी दहा विद्यापीठे निघून गेली. आणि गट बदलला की फुटबॉलबरोबर विद्यापीठाचे बहुतेक खेळही नव्या, दूरच्या गटात जातात.

आमच्या शेजारची मुलगी कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाकडून व्हॉलीबॉल खेळते. पूर्वी बसने किंवा तास-दीड तासाच्या विमानाने सामन्याला जायची. आता देशाच्या दुसऱ्या टोकाला जाते. परवा मध्यरात्री विमानतळावर गुडघ्याचे पॅड उशाला घेऊन ती रसायनशास्त्राच्या प्रयोगाची वही पूर्ण करत होती. सकाळी आठला तिची प्रयोगशाळा होती.

पैसा फुटबॉलचा आहे, मग दूरचे गट फुटबॉलपुरतेच ठेवा. बाकीच्या खेळाडूंना पुन्हा जवळच्या विद्यापीठांशी खेळू द्या. पुढच्या करारात एवढे कलम विद्यापीठांनी घालायलाच हवे.

– एक पालक, सॅन होजे, कॅलिफोर्निया